रोहण्याच्या बाईला ऐकू आलेलं

मॅडम, तुम्ही वर्गात रोहणा गावच्या बाईची गोष्ट सांगायचात, ती आता मी सांगते. पोरंपोरी आम्ही व्हायचो तशीच गप्प होतात. आजही सांगितली आणि घरी येऊन चहा न घेताच लिहायला बसले. ती गोष्ट तुम्हाला अर्धीच माहीत होती. उरलेली अर्धी माझ्यापाशी आहे आणि वय वाढलं म्हणून ती हलकी होत नाही.

नव्वदच्या दशकातला आपला अतिदक्षता विभाग म्हणजे एक लांबट खोली, खिडकीत घरघरणारा कूलर आणि धड चालणारं एकच व्हेंटिलेटर. ते कायम दुसऱ्या कुणाला तरी लावलेलं असायचं. उरलेल्यांचा श्वास नातेवाइकांच्या हाती. पेशंटच्या घशात नळी, नळीला रबरी फुगा आणि तो दाबत बसलेला मुलगा, भाऊ नाहीतर नवरा. हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. तुम्ही त्या माणसाला स्टुलावर बसवायचात, त्याचा एक हात पेशंटच्या छातीवर ठेवायचात आणि शिकवायचात, "छाती वर आली का सोडजो. तुह्या श्वासासंगं चालू दे. अन् बोलत राह्यजो तिच्याशी, तिले सारं आयकू येते." मूळच्या पुण्याच्या तुम्ही, पण वऱ्हाडी अशी बोलायचात की आर्वीच्या बाजारात भाजी घेऊन बसलेली बाई वाटावी.

ती रोहण्याची बाई श्रावणात आली. जमिनीवर निजलेली, मण्यार चावली हे तिला स्वतःलाही कळलं नव्हतं. सकाळी पोट दुखतंय म्हणाली, मग पापण्या मिटू लागल्या, मग मान पडली. आपल्याकडे पोचली तेव्हा श्वास जेमतेम उरला होता. सापाच्या विषावरचं इंजेक्शन दिलं, नळी घातली, नवऱ्याच्या हाती फुगा दिला. पण मण्यारीचं विष असं झटकन उतरत नाही. बाई लाकडासारखी पडून. पापणी उचलून बॅटरी मारली तर बाहुलीसुद्धा हलेना. मी खाटेपाशीच बोलून गेले, "मॅडम, ही गेलीच समजा." तुम्ही मला तडक व्हरांड्यात नेलंत.

"मुडद्यापुढेसुद्धा माणूस जपून बोलतो गं. ही तर जिवंत आहे, फक्त हलता येत नाहीये. तुला असं खिळवून ठेवलं आणि उशाशी कुणी तुझी तिरडी बांधायला घेतली, तर?"

मी रडले. तुमचा भयंकर राग आला होता तेव्हा, खोटं कशाला बोलू!

नवरा मात्र तुमचं अक्षरशः ऐकायचा. वावरातलं निंदण राह्यलं, बकरी व्याली, पोरगी तुह्या मायपाशी हाये, असं काहीबाही तिला सांगत राहायचा. तिचा भाऊ पाळी बदलायला यायचा, पण हा तळहाताला फोड आले तरी उठायला तयार नसे. दिवस जात राहिले, बाई हलेना आणि तोही हळूहळू मुका झाला. मग गावाहून त्याची आई आली. बाईला ऐकू येतं हे त्या म्हातारीला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगून तरी तिला पटलं असतं की नाही कोण जाणे. एका दुपारी तुम्ही वाकून बघत होतात आणि बाईची पापणी केसभर हलली. तुम्ही लहान पोरीसारख्या ओरडलात. मग बोट हललं, मान हलली, श्वास परतला. नळी काढली त्या दिवशी तुम्ही स्वतःच्या हातांनी वॉर्डभर गोरसपाकाची बिस्किटं वाटलीत आणि नवऱ्याच्या पाठीवर थाप मारलीत, "याच्या हातानं जगली ही." तुमची गोष्ट इथे संपायची.

दुसऱ्या दिवशी मी तिचं ब्लडप्रेशर बघायला गेले, तेव्हा नवरा डबा आणायला गेला होता. तिचा आवाज पार बसलेला. तिच्या तोंडाशी कान न्यावा लागला.

"डाक्टरीनबाई, सासू म्हने, लहानीले मांगून घेऊ. पोरीले माय पायजे."

"लहानी कोण?"

"माही बहीन. ह्याच्यासाठी."

"अगं, म्हातारं माणूस बोलून जातं, मनावर काय घ्यायचं..."

"तिचं नाई लागलं मले. ह्यो हो म्हने." ती थांबली, दम घेतला. "फुगा दाबून राह्यला होता. हात नाई थांबला त्याचा. दाबता दाबताच म्हने, हो. आता मी त्याले काय म्हनू? त्याच्याच हातानं जगली म्हनता तुमी सारे."

मी तिच्या दंडावरचा पट्टा सोडवू लागले. "मोठ्या डाक्टरीनबाईले सांगू नका," ती म्हणाली, "त्याइनं लय जीव लावला." सुट्टी झाल्यावर ती त्याच नवऱ्यामागून एसटी स्टँडकडे गेली. पिशवी त्यानं घेतली होती. तपासणीला पुन्हा काही आली नाही. त्या माणसाचा मी कितीतरी वर्षं मनापासून तिरस्कार केला. आता करवत नाही. एका हातानं बायकोला जगवायचं आणि मनात ती गेल्यानंतरचं घर लावायचं, हे मी त्यानंतर चांगल्या चांगल्या माणसांना करताना पाहिलंय. त्यांच्या बायकांना ऐकू आलं नाही, एवढाच फरक.

पुढे कितीतरी वर्षांनी तुम्हीच माझ्या विभागात आलात. फुफ्फुसं आटलेली, डोळे मिटलेले, झोपेचं औषध चालू. यंत्रांची तोवर वाण राहिली नव्हती. तुमचा मुलगा आणि सून खाटेशी उभे राहून घराचं काय करायचं ते बोलू लागले, तेव्हा मी त्यांना चक्क बाहेर काढलं. मग तुमच्याजवळ बसले. सगळं सांगून टाकावं असं फार वाटलं. तोंड उघडलंही. पण जिच्या जगण्याचा तुम्ही जन्मभर आनंद मानलात, तिनं काय ऐकलं होतं ते तुम्हाला कसं ऐकवायचं? आम्हाला सगळ्यांशी बोलायला शिकवलंत, आणि तुमच्याशी मी शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाही. तुम्हाला ऐकू येत असेल याची मला भीती वाटत होती, मॅडम. आज एवढं लिहू शकले ते आता तुम्हाला ऐकू येत नाही, या एकाच भरवशावर.