गार इंजिनाची परीक्षा

तीर्थरूप बाबा,

आपल्या जावयाचा खाली मान घालून नमस्कार. आपला गुडघा आता कसा आहे? आईंचा खोकला थांबला का? आमच्याकडे सगळे मजेत आहेत. (सगळे म्हणजे माणसं. गाडीचं पुढे लिहितो.)

चढावर गाडीला धाप लागते, पेट्रोलही जास्त पिते, म्हणून आपण तिला मेकॅनिककडे नेणार होतात. तेव्हा जेवताना मीच मोठ्या तोंडाने म्हणालो, की हा धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचा दोष, मी घरीच तपासतो. आणि जी किल्ली आपण पोटच्या मुलीलाही कधी दिली नाहीत, ती माझ्या हातावर ठेवलीत.

किल्ली देताना आपण बजावलं होतं, की इंजिन पूर्ण गार असल्याशिवाय बॉनेट उघडायचं नाही. मी पडलो आज्ञाधारक. गाडी रात्रभर गार होऊ दिली, सकाळी सुरू केली आणि लगेच सेन्सरच्या वायरीला मीटर लावला. काटा खालीवर नाचायला हवा होता, तो जागचा हलेना. सेन्सर मेला, असं मी हिला जाहीर करून टाकलं. काढायला गेलो, तर तो गंजून घट्ट बसलेला. मग पान्याला पाईप जोडून लटकलो (माझं वजन आपण जाणताच) आणि सेन्सरचं मुंडकं हातात आलं, धड आतच राहिलं. त्यानंतर मी माहितीपुस्तिकेचं पान उलटलं. मागे लिहिलं होतं, की हा सेन्सर इंजिन चांगलं तापल्यावरच काम करतो. म्हणजे बिचारा नुसता झोपला होता आणि मी त्याची मान मोडली. मला मनापासून लाज वाटते, बाबा. सेन्सर मी मोडला, हे हिला अजून सांगितलेलं नाही.

आपला अपराधी,
जावई

ता.क. एअर फिल्टरच्या डब्यात आपल्या जुन्या निळ्या शर्टाचं फडकं सापडलं. (फिल्टर आपण स्वतः पुसता, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.) गाडीचा श्वास त्यानेच कोंडला होता. हेही मी हिला बोललेलो नाही. आपण सेन्सरचं बोलू नये, मी फडक्याचं बोलणार नाही, आणि किल्ली माझ्याकडेच राहू द्यावी, एवढीच विनंती.

पुन्हा ता.क. पाकीट चिकटवायला हिच्या हातात दिलं, तिथे चुकलो. तिने पत्र उभ्याउभ्याच वाचलं, किल्ली उचलली आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकली. परत मागायची माझी छाती नाही. आपली छाती असेल, तर आपण मागून पाहावी.