माझ्या नळीतल्या पेशी

छांगशा, १४ मार्च

प्रिय यूनशियाताई,

तू आणि भावोजी मजेत असाल. इकडे आठवडाभर नुसती ओल आहे, कपडे काही वाळत नाहीत. आपल्या हाईताओदादाचं ठीक चाललंय. रविवारी वॉर्डात त्याच्यासाठी मिरच्या घातलेला मासा नेला, तर म्हणतो, "काय गं प्रयोगशाळावाली, माझ्या रक्तात हेर सापडले का?" मी म्हटलं, "सापडले, पण सगळे घोरत पडलेत." पोट धरून हसला. स्वतःच्या भासांची अशी थट्टा करतो ना, तेव्हा तो अगदी पूर्वीचा दादा असतो.

ते रक्ताचं काम तुला सांगितलं होतंच. अंगातल्या काही पेशी ठरल्याप्रमाणे आपणहून मरतात आणि त्याच्या खुणा रक्तात उतरतात. दादासारख्या स्किझोफ्रेनिया असलेल्यांत त्या जास्त असतात का, ते आम्ही बघतोय. तुलनेला रुग्णांची भावंडंही हवी होती. मी बाही वर केली. सगळ्यांत जवळचं भावंड मीच ना, दादाच्या वॉर्डाच्या दोन मजले खाली!

ताई, माझ्या खुणा दादाच्याही वर निघाल्या.

दादा आजारी पडला तेव्हा जेवढा होता तेवढीच मी आता आहे, हे तुला काय सांगायचं. आमच्या प्रमुख ल्याओबाई माझ्यावर कडाडल्या, "अगं बावळट, तुझी नळी दुपारभर टेबलावर पडून होती! पेशी नळीतच मेल्या. आणि या खुणांवरून एकट्या माणसाला आजार आहे की नाही हे कळत नाही, किती वेळा सांगू?" त्यांनी स्वतः पुन्हा रक्त घेतलं. या वेळी सगळं चारचौघांसारखं. त्या खूश. माझ्यासाठी शेवया मागवल्या, पण मी त्या तशाच ठेवून उठले.

नंतर एकटीच जिन्यात बसून रडले. वाईट आकडा खोटा होता, तसा चांगला आकडाही माझ्या काही कामाचा नाही. मला वाटलं होतं, रक्त तरी मला खरं सांगेल. भीती वाटते गं ताई. फार भीती वाटते.

मी रक्त दिलं त्याच्या आदल्या दिवशी तुझा फोन आला होता. "त्या ल्याओबाईच्या हातचा चहा पिऊ नकोस," म्हणालीस. मी "का गं?" विचारलं, तर नुसती हसलीस. तेव्हापासून मी चहा कुंडीत ओतते. काल फोन उघडून पाहिला, त्या दिवशी तुझा फोन आल्याचं काही दिसेना. माझ्या हातून पुसलं गेलं असेल. असेल ना? परवा पुन्हा तूच बोललीस. तेव्हा माझे दोन्ही हात नळ्यांत गुंतले होते आणि फोन बाहेरच्या कपाटात, कुलपात होता.

दादाला यातलं काही बोलले नाही. त्याला एका शब्दात कळेल.

ते तू बोलली होतीस का, एवढंच लिही. नसशील तर नाही म्हण, माझी समजूत काढायला खोटं लिहू नकोस. आणि फोन मुळीच करू नकोस. तुझ्या आवाजावर माझा विश्वास उरलेला नाही. तुझं पत्र आलं की न फोडता ल्याओबाईंच्या हातात देईन आणि मोठ्यानं वाचायला सांगीन.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
तुझी धाकटी
रुईचिन