चीनची पंगत आणि आमची चूल

आसेगाव, गुरुवार

तीर्थरूप मामांच्या चरणी पवनचा शिरसाष्टांग नमस्कार. आपला गुडघा, मामींचा खोकला व लाल गाय, तिघांनाही उतार पडला असेल असं धरून चालतो. आमच्याकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. फोन केला नाही, कारण फोनवर आई ऐकते.

विषय गंभीर आहे. येत्या रविवारी तुम्हीच जुळवलेल्या स्थळाची माणसं, म्हणजे वर्षाराणीचे आईवडील, तुमच्या रिसोडहून आमचं घर पाहायला येत आहेत, आणि आमच्या घरी आई चूल पेटवत नाही. कारण चीन.

झालं असं की मंगरूळपीरच्या वाचनालयातून मी चीनच्या क्रांतीवरचं पुस्तक आणलं. (बी.ए. दुसऱ्या वर्षी सुटलं तरी वाचन सोडलेलं नाही.) तिथं १९५८ साली खेड्यांचे कम्यून केले. जमीन सगळ्यांची, बैल सगळ्यांचे आणि जेवण एकाच पंगतीत, तेही पोट भरेस्तोवर. घरोघरच्या कढया वितळवून पोलाद करायला नेल्या. आपल्याकडे सोयाबीनची सोंगणी सुरू होती, दिवसभर वाकून आलेल्या बाया पुन्हा चुलीपुढं बसत होत्या. मला वाटलं, पोलाद राहू द्या, पंगत तरी करू. आमच्या आळीचे तवे मारोतीच्या देवळात जमा केले. स्वयंपाकाची बारी एकेकीला पंधरवड्यातून एकदा. कुणी गुपचूप घरी रांधू नये म्हणून सगळ्या बायांना मारोतीपुढं शपथ दिली, की घरची चूल पेटवणार नाही. शपथ मीच लिहिली, शुद्धलेखन दोनदा तपासलं, पळवाट नको म्हणून कंसात गॅस, स्टोव्ह व इंडक्शनही घातले. कधीपर्यंत, ते घालायचं राहिलं.

पंगत चार दिवस रंगली. मग रामधनकाकांनी एक पायली पीठ आणून दोन सांगितलं, ते ऐकून शेजाऱ्यानं दोन आणून चार सांगितलं. सांगितलेल्या हिशेबानं पीठ उरायला हवं होतं. प्रत्यक्षात डबा वाजू लागला. घरी दीड भाकरीवर उठणारे उदयसिंग इथं पाच खात. टोकलं तर म्हणाले, "सरकारी हाय ना बे?" तेव्हा मी पुस्तकाचा राहिलेला अर्धा भाग उघडला. (आधीच उघडायला हवा होता.) तिथंही अंमलदारांनी पीक फुगवून सांगितलं, त्या आकड्यावर सरकारनं धान्य उचललं, आणि पंगतीतली माणसं कोटींच्या संख्येनं उपाशी मेली. आपल्याकडे नुसतं पीठ संपलं, आणि संपलं हे ओरडून सांगायला कुणी भ्यालं नाही, एवढाच काय तो फरक.

मी पंगत बंद केली. बायांनी शपथ बंद केली नाही. आई ओट्यावर पाय पसरून म्हणते, "मारोतीची आन हाय बाप्पा. तूच देल्ली, आता म्या काहून मोडू?" आळीतल्या साऱ्याजणी संध्याकाळी पारावर हवा खात बसतात. पुरुषांना शपथ नाही, म्हणून बाबा करपलेली खिचडी ढवळत मला रोज एकच विचारतात, "चीनच्या लोकायची चूल इझली, तं माही काहून इझवली बे?" वर्षाराणीच्या आईचं मत तुम्हाला ठाऊक आहे, घर चुलीवरून कळतं. तरी आपण शनिवारपर्यंत येऊन आईची, म्हणजे आपल्या थोरल्या बहिणीची, समजूत घालावी ही विनंती.

आपला भाचा,
पवन

ता. क. हे मामींच्या कानावर जाऊ देऊ नये.

ता. क. दुसरा : पत्र रिसोडच्या एसटीत द्यायला निघालो, तर त्याच एसटीतून मामी उतरल्या. आईनं फोन करून बोलावलं होतं. मामींनी वर्षाराणीचा निरोप आणला, "ते शपथ नव्या सुनेलेही लागू हाय का, इचारा. असन तं माहा होकार हाय. आईचं म्या पाहून घेतो." मामींनी मला न विचारता हो कळवलं, आणि तशाच देवळात जाऊन स्वतःही शपथ घेऊन आल्या. त्या आता इथंच राहायचं म्हणतात.

तरी वरची विनंती रद्द समजावी. आईला कृपया काही बोलू नये. फक्त ज्वारीच्या पिठाला आधणाचं पाणी किती घालतात, तेवढं शेजारी विचारून कळवावं. आजपासून ते तुम्हालाही लागेल.