तोतोचे अकरावे धर्मबाप

३ मार्च
शेजारची मनांग पेरला, म्हणजे पेरलाताई, म्हणते, डोक्यातली भीती कागदावर उतरवली की झोप लागते. मला भीती नाहीच. रात्री तीनदा उठून परमिटची तारीख बघते, तेवढंच. दिंदोचं वर्क परमिट ऑगस्टमध्ये संपतं. मग आम्ही नवराबायको परत मायदेशी, इलोइलोला. तोतो मात्र इथं जन्मला, तो कॅनडाचा. त्याला राहता येईल म्हणे. चार महिन्यांचं पोर स्वतःचं दूध स्वतः गरम करेल बहुतेक.

९ मार्च
मार्ग सापडला. या प्रांताला मांस कापणारी माणसं कमी पडतात. ज्यांची गरज आहे त्यांची एक यादी आहे, त्यात हे काम आहे. यादीतल्यांना कायम राहू देतात. दिंदो तीन वर्षं तेच करतोय. फक्त मॅनेजरचं पत्र पाहिजे, फ्रीझन साहेबांचं. दिंदो म्हणतो, माझं काम चांगलंय, देतील. बिचारा. नुसतं काम बघून कोण काय देतं? साहेबांना घरचं करून घ्यायला पाहिजे. मी आधीच हुशारी केलीय. जन्मदाखल्यावर पोराचं नाव 'वेंडेल फ्रीझन' टाकलंय, साहेबांचं अख्खं नाव, पुढे आमचं आडनाव माग्बानुआ. हाक तोतोच मारतो.

२४ मार्च, रविवार
बाप्तिस्मा झाला. धर्मबाप अकरा, आमच्यात जितके जास्त तितकं बरं; अकरावे साहेब. फादर कुरकुरले, हे आपल्या पंथाचे नाहीत. मी म्हटलं, फादर, मॅनेजर आहेत. मग साक्षीदार म्हणून उभं केलं. साहेबांनी पान्सित, आमच्या परतलेल्या शेवया, दोनदा घेतलं. तोतोचं कपाळ त्यांच्या हाताला टेकवलं, मोठ्यांचा आशीर्वाद घ्यायला. साहेबांनी रुमाल काढला. मला वाटलं डोळे पुसतील. हात पुसला.

२ एप्रिल
पत्र मिळालं. बघा. दिंदो म्हणतो, नऊ जणांना मिळालं. मी विचारलं, बाकी आठांनी काय केलं? म्हणाला, काम.

५ एप्रिल
इमिग्रेशन ऑफिसचा फॉर्म मीच भरला. सहावी शिकलेय, दिंदोपेक्षा माझं अक्षर बरं. 'या प्रांतात नातेवाईक आहे का?' असेल तर जास्त गुण. लिहिलं, वेंडेल फ्रीझन, मुलाचे धर्मबाप, घरचेच. दिंदो म्हणाला, हे नको लिहूस गं. म्हटलं, तू गाई काप. जन्मदाखला जोडला. बाप्तिस्म्याचा फोटोही जोडला, मागितला नव्हता तरी.

११ जून
ऑफिसचं पत्र. नोकरी देणारा नातेवाईक असेल तर ती नोकरी धरत नाहीत. नातं काय ते चौदा दिवसांत कळवा.
मनांग पेरला हसून हसून खाली बसली. म्हणाली, एवढं केलंस, तर साहेबांना सासराच करून घ्यायचंस. दिंदोने पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

१५ जून
चार दिवस आरशासमोर बोलून बघितलं. एका माणसाला तोंडावर कसं सांगायचं, तुम्ही आमचे कोणी नाही म्हणून? मन मोडेल त्यांचं. नातं नाही असं लिहून मागायला आज साहेबांकडे गेले, सोबत फ्लान, दहा अंड्यांचं पुडिंग.
साहेबांनी तिथल्या तिथे लिहून दिलं, 'माझं या कुटुंबाशी कसलंही नातं नाही.' मी म्हटलं, आणि बाप्तिस्मा? म्हणाले, तुमच्यात येईल त्याला उभं करतात असं वाटलं, दहा जण तर आधीच उभे होते. मग खाली आणखी एक ओळ घातली, 'मुलाचं नाव तोतो आहे, याहून मला काही माहीत नाही.'
मला वाईट वाटलं नाही. फ्लान तेवढं परत आणायला हवं होतं.

१६ जून
पत्र रवाना. आता ऑफिसला काय बोलायला जागाच नाही. आज झोप लागेल.

७ जुलै
ऑफिसचं पत्र. साहेब म्हणतात मुलाचं नाव तोतो. तुम्ही जोडलेल्या जन्मदाखल्यावर नाव वेंडेल फ्रीझन माग्बानुआ. खुलासा करा, चौदा दिवस.
तोतो आता रांगतो. दारापर्यंत गेला नि मागे वळून बघत बसला, आम्ही येतोय का.
मी खुलासा लिहायला घेतला. दिंदोने हातातून पेन काढून घेतलं.
हे पेन्सिलीने लिहितेय.