आजोबांचा हरवलेला दाखला

नॉर्डडाल, मिनेसोटा
३ नोव्हेंबर १९६८

प्रिय आर्विद,

तू खुशाल असशील असं धरून चालते. इकडे मका निघाला, माझा गुडघा कुरकुरतो पण चालतो. अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून हे पत्र चुलीत घालावंसं वाटलं, तरी जरा थांब. तुझ्या लेकीने, कारिनने, माझ्याकडे तुझा पत्ता मागितलाय. मी अजून दिलेला नाही. का, ते सांगते, पण आधी आजोबांचं ऐक.

पुढच्या वर्षी आपल्या चर्चला शंभर वर्षं होतील. पाद्रीसाहेबांनी पुस्तिकेसाठी जुन्या घराण्यांची माहिती मागवली आणि आपल्या सान्दालांची माझ्या गळ्यात पडली. सभासदांच्या वहीत आजी सापडली, बाबा सापडले, चारही आत्या सापडल्या. आजोबा कुठेच नाहीत. मग आठवलं, रविवारी आपण सगळे आत जायचो आणि आजोबा बाहेर घोड्यांपाशी थांबायचे. बर्फ पडत असलं तरी. घोडे बुजरे आहेत, असं सांगायचे.

म्हणून आजोबांना ओळखणाऱ्या एलोफ न्यूक्विस्टकडे गेले. एक्क्याण्णवचा झालाय, कॉफीचा तिसरा कप पोटात गेल्याशिवाय बोलत नाही.

"बुजरे? अगं, त्यांच्या कानाशी बंदूक उडवली असती तरी हलले नसते," तो म्हणाला. "सभासद व्हायचं तर स्वीडनमधल्या आपल्या गावच्या पाद्रीचा दाखला लागायचा. तुझा आजोबा म्हणायचा, माझा समुद्रात पडला."

"मग दुसरा मागवायचा."

"माझा बापही हेच म्हणायचा. की हा लगेच विचारणार, यंदा बटाटे कसे आहेत?"

मला राहवेना. स्वीडनच्या दप्तरखान्याला पत्र टाकलं. चार महिन्यांनी त्या दाखल्याच्या नोंदीची आणि तिकडच्या चर्चच्या वहीतल्या पानांची नक्कल आली. तिथले पाद्री माणसाचं काही सोडत नसत बघ. देवी टोचलेल्या, वाचन चांगलं, धर्मज्ञान बेताचं. मी एकटीच हसत बसले. शेवटी लिहिलं होतं: १८८१, उत्तर अमेरिकेस रवाना. पत्नी स्टीना व एक वर्षाची मुलगी मागाहून जाणार.

त्या आल्याच नाहीत. चार वर्षांनी आजोबांनी इथे आजीशी लग्न लावलं. तिकडच्या वहीत स्टीनाच्या नावापुढे वर्षानुवर्षं एकच शेरा आहे: नवरा अमेरिकेत, पत्र नाही.

तू बायकोला, लोइसला, आणि आठ वर्षांच्या कारिनला सोडून ऑरेगॉनला गेलास, तेव्हा आई म्हणाली होती, "सान्दालांच्या घरात असं कधी झालं नाही." मी मान डोलावली होती. तुझं वागणं मला आजही पटलेलं नाही, हे स्पष्ट सांगते. पण ती नक्कल वाचल्यापासून मला तुझ्यापेक्षा माझीच जास्त लाज वाटते.

स्टीनाला पत्र खरंच आलं नाही. कारिनला मात्र पत्रं येत होती. त्या दोघी माझ्याकडे राहायच्या आणि टपाल मी घ्यायचे. दर नाताळला तुझं पाकीट यायचं, मागे तुझा पत्ता. त्यावर "या पत्त्यावर राहत नाही" असं छापील अक्षरांत लिहून मी ते परत धाडायचे. तुला वाटलं असेल, लोइसने धाडलं. तिला यातलं काही ठाऊक नाही. अशी सात पाकिटं गेली, मग तू थांबलास. पोरगी दारात उभी राहून विचारायची, "आत्या, काही आलं?" आणि मी नाही म्हणायचे.

तुझा पत्ता तिला दिला तर हे तिला कळणार. मला मूलबाळ नाही, आर्विद. तिलाच मी लहानाचं मोठं केलं. ती माझ्यापासून तुटेल या भीतीने मी तीन आठवडे पत्ता दाबून ठेवला.

आज दुपारी ती जेवायला येते आहे. पत्ता देणार आहे आणि पाकिटांचंही मीच सांगणार आहे. ऐकल्यावर ती टेबलावरून उठून गेली, तर मी अडवणार नाही.

तिचं पत्र आलं की त्याच दिवशी उत्तर लिही. मला नाही लिहिलंस तरी चालेल.

बहीण म्हणवून घ्यायचा हक्क आता तुझ्याकडे मागणारी,
हेडविग