वळवणच्या ओसरीवर

॥ श्री ॥

चिंचवड,
१४ ऑक्टोबर १९५६

ती. सौ. अक्कास,
सोपानचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. कारण दारात उभं आहे. देहूरोडच्या लष्करी लिलावात मी आणि भिमाजीने मिळून एक जुनी जीप घेतली. भिमाजी म्हणजे निघोज्याचा, माझ्याबरोबर पिंपरीच्या कारखान्यात फिटर आहे तो. जीपला छप्पर नाही आणि एक दार दुसऱ्या कुठल्या तरी जीपचं आहे. पण परवा आम्ही ती आकुर्डीपर्यंत नेली आणि परतही आणली. सावित्री म्हणते, नेली त्यापेक्षा परत आणली हे मोठं. तुझी भावजय माझी बाजू कधीच घेत नाही, हे तुला माहीत आहे.

दिवाळीत कारखान्यात ओव्हरटाइम आहे, त्यामुळे भाऊबीजेला यायला जमणार नाही. त्याऐवजी अठरा नोव्हेंबरच्या रविवारी सगळ्यांनीच तुमच्याकडच्या तळ्यांवर यावं असा बेत आहे. मुलांनी अजून घाट पाहिलेला नाही. मंजुळा शाळेत सांगत फिरते की तिची आत्या समुद्राजवळ राहते. पोरांना दाखवण्यासारखं काय काय आहे ते लिही. फार चढ नको. धाकट्याला कडेवर घेऊन सावित्री थकते.

आणि आबाही यायचं म्हणतात. मी विचारलं नव्हतं. जीप धूत होतो, तेव्हा ते मागच्या बाकावर जाऊन बसले आणि म्हणाले, ह्यात माणसाला टेकायला काही न्हाई. मी याचा अर्थ होकार असा घेतला. त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे. उजव्याने अजून चांगलं दिसतं. दिसतंय तोवर तुझं घर पाहावं असं त्यांच्या मनात असावं. ते तसं बोलणार नाहीत.

दाजींना नमस्कार. उत्तर लवकर पाठव, म्हणजे तुझी माया आहे एवढं कळेल.

तुझा,
सोपान

*

॥ श्री ॥

वळवण, लोणावळे,
२१ ऑक्टोबर १९५६

चि. सोपान यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि यांना एकदा वाचून दाखवलं. जीपचं ऐकून हे हसले. म्हणाले, धरणाचे दरवाजे सांभाळण्यापेक्षा तुझ्या भावाची जीप सांभाळणं अवघड दिसतं.

आता मुलांसाठी. सकाळी उजाडताच निघालात तर उन्हाच्या आधी कार्ल्याला याल. पायऱ्या आहेत, पण थांबत थांबत मुलं चढतात. आत लेण्यात एवढी मोठी जागा आहे की मंजुळाने हाक मारली तर ती थोड्या वेळाने तिलाच ऐकू येईल. बाहेरच एकवीरेचं देऊळ, म्हणजे आबांचंही दर्शन होईल. भाज्याची लेणी सोडा. तिथला धबधबा तुम्ही येईपर्यंत आटलेला असेल, आणि धबधब्याशिवाय मुलांना तिथे करमणार नाही. लोहगड तर मुळीच नको. मग इकडे या. धरणाच्या भिंतीवरून सगळं तळं दिसतं. थंडीत लांबून बदकं येतात, ती तोवर आलेली असतील. खाली थोडी बाग आहे. दुपारी भुशीच्या धरणावर जा. तिथे पाणी उथळ आहे, मुलांना पाय भिजवता येतील. वाघदरीच्या कड्यापाशी गेलात तर मुलांचे हात धरा. आणि खंडाळ्याला रेल्वेच्या पुलापाशी उभे राहा. बोगद्यातून गाडी बाहेर येते ते तुझ्या मुलांना बाकी सगळ्यापेक्षा जास्त आवडेल, असा माझा अंदाज आहे.

आबा येताहेत हे वाचून मी पत्र खाली ठेवलं, म्हणून उत्तराला दिवस लागले.

लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हे त्यांचं अजून पक्कं आहे ना? माझ्या लग्नाला दहा वर्षं होतील. आई दोनदा आली. दोन्ही वेळा ओसरीच्या खाली उभी राहून बोलली आणि तहानलेली परत गेली. तिसऱ्यांदा यायची होती, पण त्या आधीच गेली. मला आबांचा राग नाही. त्यांच्या आजानेही तेच केलं असेल. पण त्यांनी माझ्या हातचं एकदा जेवावं असं मला फार वाटतं. दुसरं काही मी त्यांच्याकडे कधी मागितलेलं नाही, आणि हेही मागणार नाही.

सावित्रीला सांग, धाकट्याला कानटोपी घाल. इकडे वारा आहे. तिच्यावर माझा जीव आहे, तुझ्यावर तिच्याखालोखाल.

तुझी,
अक्का

*

॥ श्री ॥

चिंचवड,
२९ ऑक्टोबर १९५६

ती. सौ. अक्कास,
सोपानचा सा. न. वि. वि.

तू लिहिलेली ठिकाणं मंजुळाला वाचून दाखवली. तिला आता समुद्र नको, बोगदा हवा आहे.

आबांचं पक्कं आहे. त्यांनी काल सावित्रीला सांगितलं की त्यांच्यापुरत्या दशम्या वेगळ्या बांध आणि पाण्याची कळशी भरून दे. मी म्हणालो, तिथे एवढं मोठं तळं आहे, तुम्ही चिंचवडहून पाणी नेता? त्यांनी माझ्याकडे उजव्या डोळ्याने पाहिलं.

पण मी आणि सावित्रीने एक युक्ती काढली आहे. जेवायला तुझ्या घरात बसायचंच नाही. तळ्याकाठी झाडाखाली बसायचं. ती जागा जावयाची नाही, सरकारची की आणखी कुणाची असेल ती असो. स्वयंपाक तू कर. सावित्री म्हणेल की तिने घरून करून आणला. आबांना चवीवरून कळणार नाही, कारण सावित्री स्वयंपाक आईकडून शिकली आणि तूही आईकडूनच. तुझी इच्छा पुरी होईल आणि त्यांचा नियमही राहील. भिमाजीला सांगितलं तर तो म्हणाला, फिटर असून डोकं बरं चालतं तुझं.

होकार कळव. तोवर तुझ्या आशीर्वादावर आणि भिमाजीच्या स्पॅनरवर भिस्त आहे.

तुझा,
सोपान

*

॥ श्री ॥

वळवण,
५ नोव्हेंबर १९५६

चि. सोपान यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

नको.

फसवून घातलेला घास माझ्या हातचा होत नाही. आबांच्या पोटात जाईल, पण आबांनी घेतला असं होणार नाही. आणि सावित्रीला त्यांच्या तोंडावर खोटं बोलायला लावू नकोस. तिला त्याच घरात त्यांच्याबरोबर राहायचं आहे.

त्यांच्या दशम्या बांध. कळशी भर. ते भिंतीवर बसून त्यांचं खातील, मी शेजारी बसेन. तेवढंही पुष्कळ आहे.

तू रागावू नकोस. लहानपणी रागावलास की जेवायचा नाहीस, आणि ते मला बघवायचं नाही. वाट पाहते.

तुझी,
अक्का

*

॥ श्री ॥

चिंचवड,
२२ नोव्हेंबर १९५६

ती. सौ. अक्कास,
सोपानचा सा. न. वि. वि.

आम्ही घरी पोचलो. उरलेली वाट जीपने कुरकूर न करता कापली, जणू दुपारी काही झालंच नव्हतं.

मुलं अजून त्या दिवसात आहेत. मंजुळाने लेण्यात स्वतःच्या नावाने इतक्या हाका मारल्या की पुजारी बाहेर आला. भुशीला धाकट्याने पाण्यात बसकण मारली आणि उठायला तयार नव्हता. वाघदरीपाशी सावित्रीने मुलांचे हात धरले आणि मला म्हणाली, माझा कोण धरणार? खंडाळ्याला मंजुळाने बोगद्यातून गाडी येताना पाहिली. घरी येऊन तिने आपल्या पाटीवर एक काळं भोक काढलं. तुझा अंदाज बरोबर होता.

परतताना पंख्याचा पट्टा तुटला. लोणावळ्यात सगळी दुकानं पालथी घातली. शेवटी एका गिरणीवाल्याने जुन्या पट्ट्याचा तुकडा दिला, तो शिवून बसवला. म्हणून तुमच्याकडे यायला संध्याकाळ झाली.

आता विचारायचं ते विचारतो. आबा देवळाच्या पायऱ्यांनी दमले होते, म्हणून त्यांना तुझ्याकडे सोडून आम्ही पुढे गेलो. दशम्यांचं फडकं आणि कळशी जीपमध्येच राहिली, हे मला पट्टा तुटल्यावर बाकाखाली हात घातला तेव्हा कळलं. तुझ्याशपथ, मुद्दाम केलं नाही. दिवसभर माणूस उपाशी राहिला असेल म्हणून माझा जीव वर खाली होत होता. आलो, तर आबा ओसरीवर आडवे झालेले. मी घाईने फडकं पुढे केलं. ते म्हणाले, ठेव, भूक न्हाई. वाटेत दोन वेळा विचारलं. त्यांनी तळेगाव आलं का एवढंच विचारलं. तूही निघताना काही बोलली नाहीस. फडकं तसंच्या तसं घरी आलं, दशम्या गाईला घातल्या.

अक्का, त्या दुपारी काय झालं? त्यांचं काही बिनसलं का? सावित्रीलाही झोप नाही. लिही, आणि माझ्यावरची माया कमी झाली नसेल तर लवकर लिही.

तुझा,
सोपान

*

॥ श्री ॥

वळवण,
२८ नोव्हेंबर १९५६

चि. सोपान यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

बिनसलं काही नाही. सावित्रीला झोपू दे.

तुला एक लिहिलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यानंतर घाटरस्त्याचं काम सुरू झालं. कामावरच्या बायका सकाळी लहान मुलं माझ्या ओसरीवर सोडून जातात आणि दिवस कलल्यावर नेतात. त्यांची सुट्टी बाजाराच्या दिवशी असते, रविवारी नाही. पाच मुलं आहेत. आया भाकरी बांधून देतात, मी आमटी-भात करते. हे तुला सांगितलं असतं तर गावात सगळ्यांना कळलं असतं, आणि बायका म्हणाल्या असत्या, बिचारी दुसऱ्यांच्या पोरांवर दिवस काढते. मला ते नको होतं.

तुम्ही आबांना धरणाच्या भिंतीपाशीच उतरवून गेलात, म्हणून मुलं तुला दिसली नाहीत. आबा यांच्याबरोबर भिंतीवर फिरले. पाणी किती खोल, दरवाजा कसा उघडतो, वीज मुंबईला जाते ती वाटेत दिसते का, सगळं विचारलं. बदकं त्यांना दिसली. यांना जवळ बोलावून त्यांनी ती मोजून दाखवली, डोळा चालतो हे पटवायला. मग ओसरीपाशी आले, आई उभी राहायची त्याच जागी थांबले आणि फडकं शोधू लागले. नव्हतं. मी काही बोलले नाही. जेवता का, असं विचारलं असतं तर त्यांना नाही म्हणावं लागलं असतं. ते मला त्यांच्याकडून वदवून घ्यायचं नव्हतं. मी त्यांच्यासाठी खाली घोंगडी टाकली.

मुलांच्या जेवणाची वेळ झाली. मी त्यांना ओळीने बसवून वाढलं. आबा खालून पाहत होते. त्यांत अंबू म्हणून एक चार वर्षांची आहे, फार बोलकी. मला आई म्हणते. मी नको म्हणून पाहिलं, ऐकत नाही. आबांनी तिला विचारलं, तुला आया किती गं? ती म्हणाली, दोन. एक रस्त्यावरची, एक घरची. आबांनी विचारलं, घरची कंची? तिने भाताच्या हाताने माझ्याकडे दाखवलं.

मुलं जेवत होती. मग आबांनी पायातल्या वहाणा काढल्या, ओसरीवर चढले आणि ओळीच्या शेवटी मांडी घालून बसले. अंबूने त्यांना सांगितलं, हात धुतल्याशिवाय आई वाढत नाही. ते उठले. मी तांब्या दिला. त्यांनी हात धुतले, आणि उरलेलं पाणी प्यायले.

मी पान मांडलं. माझं लक्ष आबांच्या तोंडाकडे होतं, आमटी जमिनीवर सांडली. आबा म्हणाले, वाढताना पानाकडं बघावं, माणसाकडं न्हाई. दोन वेळा भात घेतला. जेवण झाल्यावर मुलांबरोबर तिथेच आडवे झाले. तुम्ही आलात तेव्हा मुलांना न्यायला आया नुकत्याच येऊन गेल्या होत्या.

मी निघताना बोलले नाही, कारण ते सांगायचं होतं तर त्यांनी सांगायला हवं होतं. आता तू विचारलंस म्हणून लिहिलं. त्यांना यातलं काही विचारू नकोस. सावित्रीला मात्र सांग, आणि पट्टा नवा घे. दोघांवर आहे तेवढीच माया पुढेही राहील, ती कमी व्हायला जागाच नाही.

तुझी,
अक्का

*

॥ श्री ॥

चिंचवड,
२० डिसेंबर १९५६

चि. सौ. गोजाबाईस,
आबांचे अनेक आशीर्वाद.

पत्र मीच लिहितो आहे. सोपानला सांगितलं असतं तर त्याने आपलं घालून लिहिलं असतं. अक्षर मोठं आहे, ते डोळ्यामुळे. डॉक्टर म्हणतो उन्हाळ्याआधी मोतीबिंदू काढू, दिसेल. बघू.

इकडे हरभरा बरा आहे. थंडी आहे. सोपानने जीपला छप्पर बसवलं, आता ती पाऊस आत साठवील.

मुलांनी घरात काही बोलायचं ठेवलेलं नाही. सोपान-सावित्रीचं बोलणं ऐकून मंजुळाने पाणवठ्यावर सांगितलं की आबा आत्याकडे जेवले. ते भावकीत गेलं. मालोजी पारावर भेटला. चार माणसांत म्हणाला, चिमाजी, लेकीला मूल नाही आणि तू तिच्या घरी जेवून आलास म्हणे, रीत कुठं ठेवलीस? मी म्हणालो, रीत जागच्या जागी आहे. लेकीला पाच लेकरं आहेत. तो म्हणाला, कधी झाली? मी म्हणालो, मला उशिरा कळलं.

संक्रांतीला मी येतो. एसटीने येईन. आठ दिवस राहीन, उद्धवरावांना चालेल का ते विचार. आमटीत मीठ कमी होतं. त्या दिवशी बोललो नाही, पहिल्यांदाच जेवत होतो म्हणून.

जावईबापूंस नमस्कार. तुला आणि तुझ्या पाचही लेकरांना आशीर्वाद.

चिमाजी