वहीतले एकतीस फोटो

१४ मार्च

चि. ठकूस आईचे खूप आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. गुडघे बरे आहेत. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई रोज डोकावतात, "जेवलात का?" विचारतात आणि उत्तर न ऐकताच जातात. तेव्हा काळजी नको.

तू लिहिलंस, बाबांचे फोटो तुमच्या वाचनालयात लावणार, खाली त्यांचं नाव. आणि विचारलंस, "आई, पिवळ्या फुलांच्या फोटोत कोपऱ्यात तुझी सावली दिसते. तूही जायचीस त्यांच्याबरोबर?"

नाही गं. कधीच नाही. दर वसंतात ते म्हणायचे, "चल की पाणथळीवर, खंड्या दाखवतो." मी म्हणायचे, "चिखल तुडवायला तुम्ही एकटे पुरे. येताना बूट बाहेर काढा."

आता खरं सांगते. ते गेल्यावर महिन्याने कॅमेरा उघडला. गेल्या वसंतातले त्यांचे शेवटचे फोटो बघावेत म्हणून. पडद्यावर एक चौकट आली, ती जाईना. मी वाचायला शिकले तेच तुझ्या शाळेच्या पुस्तकांवरून, इंग्रजी कुठलं येतंय? दोन बटणं दाबली. चौकट गेली, फोटोही गेले. सगळे. दुकानदार म्हणाला, "आजी, आता यातून काही हाती लागत नाही."

तुला सांगायची छाती झाली नाही.

त्यांची वही होती. प्रत्येक फोटोची जागा, वेळ लिहिलेली. 'दुसरा बांध, वीस पावलं, खंड्या, सकाळी सात.' अशा एकतीस नोंदी. ती वही घेऊन मी जाऊ लागले आणि तेच फोटो पुन्हा काढू लागले. त्यांची वीस पावलं म्हणजे माझी सत्तावीस. खंड्या तीन आठवडे पाठ दाखवत होता. तुला छापून पाठवलेले अकराही फोटो माझेच.

शेवटची नोंद मी मुद्दाम मागे ठेवली होती. 'लव्हाळ्यात पाणकोंबडीचं घरटं. हिला दाखवायचं.'

काल गेले. तासभर उभी राहिले. घरटं नव्हतं. वाकलेलं लव्हाळं, आणि पाणी. तो फोटो सोबत ठेवलाय.

भिंतीवर त्यांचं नाव लावू नकोस. माझंही नको. रागाव हवं तितकं, पण पत्र पाठव.

बूट मी बाहेरच काढते.

तुझी,
खोटं बोललेली आई